विंडोज बदलण्याआधीचा बॅकअप अर्ध्यावर अडकतो? या क्रमाने तपासा

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून नाशिकमध्ये माझ्याकडे एकच काम फिरून फिरून येतं. अंबडच्या वर्कशॉपमधला पीसी असो, दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराचा लॅपटॉप असो की पंचवटीतल्या लग्नपत्रिका छापणाऱ्याचा जुना डेस्कटॉप, तक्रार तीच असते: "नवी विंडोज टाकायचीय, पण आधी बॅकअप घ्यायला जावं तर तो पूर्णच होत नाही." दोषही बहुतेक वेळा त्याच त्या जागी सापडतो, म्हणून सोप्याकडून अवघडाकडे जाणारा माझा तपासण्याचा क्रम इथे देतो.

लक्षणं

यातलं तुमच्याकडे काय होतंय ते आधी ओळखा.

– बॅकअप सुरू होतो आणि ठरावीक टक्क्यावर थांबतो. पुन्हा लावला तरी तिथेच.
– बाहेरच्या हार्डडिस्कवर भरपूर जागा असूनही 'जागा पुरेशी नाही' असा संदेश येतो. सोबत बरेचदा ८०७८०११९ ने संपणारा एरर क्रमांक असतो.
– लहान फायली पटापट जातात, एखादी मोठी फाइल मात्र काही केल्या जात नाही.
– उरलेला वेळ कमी होण्याऐवजी वाढत जातो आणि माउसही अडखळायला लागतो.
– 'बॅकअप पूर्ण झाला' असं दिसतं, पण दुसऱ्या पीसीवर फायली उघडत नाहीत, किंवा मराठी मजकुराच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.
– अख्ख्या विंडोजची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, घेतलेली असते, पण परत टाकायच्या वेळी विंडोजला ती सापडत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. बॅकअप अडकला की लोक बॅकअपचा प्रोग्राम बदलतात. एक झाला, दुसरा झाला, तिसरा डाउनलोड केला. पण दोष बहुधा प्रोग्राममध्ये नसतो. तो केबलमध्ये असतो, ज्यावर कॉपी करताय त्या डिस्कमध्ये असतो, किंवा ज्यातून कॉपी करताय ती जुनी हार्डडिस्कच थकलेली असते. शेवटच्या बाबतीत तर प्रत्येक नवा प्रयत्न त्या डिस्कचं उरलेलं आयुष्य खातो.

आधी फायली, मग अख्खी सिस्टीम

बॅकअप दोन प्रकारचा असतो आणि अनेकांच्या मनात त्याची गल्लत असते. एकात फक्त तुमच्या फायली कॉपी होतात: फोटो, हिशेब, पत्रं, डिझाइन्स. दुसऱ्यात अख्ख्या विंडोजची इमेज घेतली जाते, म्हणजे प्रोग्राम, सेटिंग्ज, ड्रायव्हर सगळ्यांसकट. इमेज घेणं चांगलंच, पण ती तासन्‌तास चालते आणि मध्येच तुटली तर हातात काहीच येत नाही. फायली एकेक करून जातात, त्यामुळे काम मध्येच थांबलं तरी तोवर गेलेल्या सुरक्षित असतात. म्हणून इमेजचा प्रयत्न एकदा फसला असेल तर दुसऱ्यांदा करण्याआधी सर्वात महत्त्वाचे दोन-तीन फोल्डर साध्या कॉपी-पेस्टने बाहेर काढा. टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो, जे तुमच्यासाठी अमूल्य असेल ते.

विंडोज ७ वाल्यांनी हे जास्तच गांभीर्याने घ्यावं. विंडोज ७ वरून फायली आणि प्रोग्राम जागेवर ठेवून थेट ११ वर जाता येत नाही, कोरी विंडोज टाकावी लागते. ३२ बिट विंडोज १० चंही तेच, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते.

१. रीस्टार्ट, झोप आणि वीज

खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. पीसी रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू केलेलं इथे चालत नाही. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. त्यात शटडाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. विंडोज चालू असताना बॅकअप घ्यायचा तर डिस्कची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवणारी शॅडो कॉपी नावाची सेवा लागते, आणि ती एकदा बिघडलेल्या अवस्थेत अडकली की रीस्टार्टशिवाय सहसा सुटत नाही. पीसीवर दोन-दोन बॅकअप प्रोग्राम असतील तर एक काढून टाका, कारण दोन्ही याच सेवेवर हक्क सांगतात.

मग पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन स्लीप पूर्ण बंद करा. 'रात्री लावून झोपलो, सकाळी अर्ध्यावर' ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर वळवाच्या पावसाच्या संध्याकाळी हे काम हाती घेऊ नका. इमेज लिहिली जात असताना लाईट गेली तर ती इमेज बाद समजा.

दिवसही बघून निवडा. व्यापाऱ्यांनी महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या जीएसटी रिटर्नच्या तोंडावर विंडोज बदलायला काढू नये. द्राक्षवाल्यांनी काढणी आणि निर्यातीची कागदपत्रं चालू असताना तर नाहीच. एखादा दिवस पीसी बंद राहिला तरी चालेल असा आठवडा शोधा.

२. पोर्ट आणि केबल

डेस्कटॉप असेल तर बाहेरची हार्डडिस्क पुढच्या पोर्टमधून काढून कॅबिनेटच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. पुढच्यांना आतून एक लांब वायर जाते आणि जुन्या कॅबिनेटमध्ये ती सैल झालेली असते. यूएसबी हब वापरत असाल तर तो काढा. मोठी हार्डडिस्क सुरुवातीला ठीक चालते, पण सतत लिहायची वेळ आली की हबमधून तिला पुरेशी वीज मिळत नाही आणि ती क्षणभर गायब होते. तेवढं बॅकअप तुटायला पुरतं.

जमलं तर दुसरी केबल लावून बघा. किंमत किरकोळ, फरक मोठा.

वेग कमी आहे म्हणून घाबरू नका. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात. म्हणजे २०० जीबी जायला दोन तासांच्या आसपास लागणारच. बारीकसारीक फायली लाखभर असतील तर आणखी जास्त. यूएसबी ३ चा पोर्ट असेल, बहुधा आतून निळा असतो, तर तो वापरा.

३. जुन्या हार्डडिस्कची तब्येत

अवघडपणाच्या क्रमाने ही तपासणी खरं तर खाली यायला हवी. पण पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे आणि ती फुकट आहे, म्हणून ती इथेच करतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा छोटा मोफत प्रोग्राम उघडा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते, ती हा प्रोग्राम वाचून दाखवतो. वर गुड, कॉशन किंवा बॅड असा शेरा दिसतो.

कॉशन दिसलं तर खाली तीन ओळी बघा: ०५, सी५ आणि सी६. खराब झाल्यामुळे डिस्कने बाजूला टाकलेल्या जागांची संख्या ०५ मध्ये असते. सी५ मध्ये वाचताना अडलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा येतात, सी६ मध्ये ज्या वाचताच आल्या नाहीत त्या. बॅकअप दर वेळी त्याच टक्क्यावर थांबत असेल आणि सी५ शून्य नसेल, तर कारण सापडलं. त्या टक्क्यावर येणारी फाइल खराब जागेवर बसली आहे.

सी७ ची ओळ वेगळी आहे. तिथला आकडा वाढत असेल तर संशय डिस्कवर न घेता डिस्क आणि मदरबोर्डमधल्या केबलवर घ्यायचा. केबल बदलल्यावर जुना आकडा शून्य होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. डेस्कटॉपमध्ये साटा केबल बदलली आणि सगळं सुरळीत झालं, असं मी वरचेवर पाहतो.

आता सर्वात कळकळीची सूचना. सी५ किंवा सी६ मध्ये आकडा दिसत असताना 'डिस्क दुरुस्त करू' म्हणून चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड पूर्ण तपासणीसह चालवू नका. ती कमांड डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचते आणि फायलींच्या नोंदीत बदलही करते. थकलेल्या डिस्कला तासन्‌तास पळवल्यावर ती मध्येच कायमची बसू शकते. अशा डिस्कवरून आधी महत्त्वाच्या फायली काढायच्या, आणि दुरुस्तीचा विचार त्या बाहेर पडल्यावर करायचा. डिफ्रॅगलाही हात लावू नका.

४. ज्यावर बॅकअप घेताय ती डिस्क

माय कॉम्प्युटरमध्ये बाहेरच्या डिस्कवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. फाइल सिस्टीम (डिस्कवर फायली मांडायची पद्धत) फॅट३२ असेल तर मोठी फाइल का अडते हे लगेच कळेल: फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. लग्नाचा व्हिडिओ, आउटलुकची जुनी मेलफाइल, सिस्टीमची इमेज, सगळं तिथेच अडकतं. विंडोजच्या स्वतःच्या इमेजसाठी एनटीएफएस लागते. नुसत्या फायली न्यायच्या असतील तर एक्सफॅटही चालेल. फॉरमॅट केल्याने त्या डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा ती रिकामी आहे याची खात्री करूनच फॉरमॅट करा.

दुसरा धोका बनावट पेनड्राइव्हचा. अगदी स्वस्तात '२ टीबी' म्हणून मिळणाऱ्या पेनड्राइव्हमध्ये खरी जागा अनेकदा त्याच्या कितीतरी पट कमी असते. विंडोजला २ टीबी दिसतात, कॉपी पूर्ण होते, एररही येत नाही, कारण जागा संपल्यावर येणारा डेटा पेनड्राइव्ह गुपचूप टाकून देतो. फायलींची नावं दिसतात, आत काही नसतं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्राम पेनड्राइव्ह भरून, पुन्हा वाचून खरी जागा सांगतो. नवी डिस्क घेतली की कामाचा डेटा टाकण्याआधी तो एकदा चालवा. वेळ लागतो, पण 'बॅकअप झाला पण उघडत नाही' याचं उत्तर तिथेच मिळतं.

५. बॅकअपमध्ये नक्की काय जातंय

हा भाग सावकाश वाचा. इथे गेलेलं परत येत नाही.

विंडोजच्या जुन्या 'बॅकअप अँड रीस्टोअर'मध्ये निवड विंडोजवर सोडली तर डेस्कटॉप, लायब्ररी आणि नेहमीचे फोल्डर तेवढे जातात. सोबतच्या सिस्टीम इमेजमध्ये विंडोज चालायला लागतात तेवढेच ड्राइव्ह येतात. आपल्याकडे तर कामाचं सगळं डी ड्राइव्हवर ठेवायची सवय आहे! तेव्हा डी ड्राइव्ह हाताने निवडा, किंवा सरळ वेगळा कॉपी करा.

टॅलीवाल्यांनी कंपनी निवडायच्या पानावर डेटाचा पत्ता बघून घ्यावा. तो अनेकदा पब्लिक फोल्डरखाली असतो आणि 'माझं सगळं डॉक्युमेंट्समध्ये आहे' या भरवशावर तो राहून जातो. टॅलीच्या आतूनही बॅकअप घ्या, फोल्डरही कॉपी करा. पीसी कोरा करणार असाल तर आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे नव्या विंडोजवर ते घेताना अडचण येत नाही.

मराठी डीटीपीचं काम करणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं. श्रीलिपी, कृतिदेव किंवा तशाच युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलींमध्ये मराठी अक्षरं मराठी म्हणून साठवलेली नसतात. ती साधी इंग्रजी चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फायली आल्या आणि फॉन्ट राहिले की पत्रिकेवर नवरा-नवरीच्या नावांच्या जागी अगम्य अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते. जुन्या विंडोजमधला फॉन्ट्स फोल्डर पूर्ण कॉपी करा. सॉफ्टवेअरला डोंगल (लायसन्ससाठी पीसीला लावायची किल्ली) असेल तर त्याच्या ड्रायव्हरची सीडी किंवा फाइलही शोधून ठेवा, आणि नव्या विंडोजसाठी तो ड्रायव्हर मिळतो का ते आधी विचारा.

वनड्राइव्ह चालू असेल तर फाइलच्या बाजूला ढगाचं चिन्ह आहे का बघा. असेल तर ती फाइल पीसीवर नाहीच, फक्त तिचं नाव आहे. मोफत वनड्राइव्ह ५ जीबीचं, ते भरलं की नव्या फायली वर जाणंही थांबतं. फोल्डरवर राइट क्लिक करून 'कायम या पीसीवर ठेवा' हा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या, मगच कॉपी करा.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन बॅकअपमध्ये येत नाही, तो जपून ठेवा. ब्राउझरमधले पासवर्ड वेगळे उतरवून घ्या. लॅपटॉपमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहा. विंडोज ११ साठी लोक बायोसमध्ये, म्हणजे पीसीच्या विंडोजच्याही आधीच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन टीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंग बदलतात, आणि पुढच्या वेळी पीसी तीच की मागतो. ती फक्त त्या लॅपटॉपच्याच आत साठवलेली असेल तर काही उपयोग नाही.

'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरला बॅकअप मानू नका. अपग्रेडनंतर जुनी विंडोज त्यात राहते खरी, पण मागे जायची मुदत नेहमी १० दिवसांचीच असते, नंतर विंडोज तो फोल्डर स्वतःच काढून टाकते. शिवाय तो त्याच डिस्कवर असतो.

६. लांब पत्ते आणि अडकणारी कॉपी

फोल्डरच्या आत फोल्डर, त्याच्या आत फोल्डर असं करत पत्ता २६० अक्षरांच्या वर गेला की विंडोजची साधी कॉपी अडते. वर्षावर्षाचे बॅकअप एकमेकांत ठेवलेल्या पीसीवर हे हमखास होतं. यावर विंडोजमधलीच रोबोकॉपी कमांड चांगली, ती लांब पत्ते नीट हाताळते. एक मात्र लक्षात ठेवा: न वाचता येणारी फाइल आली की रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करते, आणि असे प्रयत्न तिने करायचे ठरलेले असतात तब्बल दहा लाख! त्यामुळे ती अडकल्यासारखी वाटते. आर (किती प्रयत्न) आणि डब्ल्यू (किती सेकंद थांबायचं) हे दोन पर्याय एकवर ठेवा, एक्सजे हा पर्याय जोडा, आणि लॉग फाइल लिहायला सांगा. एक्सजेमुळे ती यूजर फोल्डरमधल्या आडवाटांत गोल फिरत नाही, आणि कोणत्या फायली राहिल्या ते लॉगमध्ये सापडतं.

७. जागा असून 'जागा नाही'

८०७८०११९ वाला एरर बहुधा बाहेरच्या डिस्कबद्दल नसतो. विंडोजच्या डिस्कवर एक छोटं छुपं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) असतं, सिस्टीम रिझर्व्ह्ड किंवा रिकव्हरीचं. इमेज घेताना त्याचीही शॅडो कॉपी बनते. ते ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर त्यात किमान ५० एमबी मोकळे लागतात, मोठं असेल तर ३२० एमबी. तेवढे नसले की बाहेर कितीही मोठी डिस्क लावा, एरर येणारच.

डिस्क मॅनेजमेंट उघडून आकडे बघा, पण ते पार्टिशन वाढवायच्या फंदात स्वतः पडू नका. चुकलं तर पीसी सुरूच होणार नाही, आणि हातात बॅकअपही नसेल. त्यापेक्षा पुढची वाट धरा.

८. बाहेरून इमेज, किंवा सरळ नवी डिस्क

क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिला हा डिस्कची इमेज घेणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून पीसी त्यावरून सुरू केला, तर विंडोज झोपलेलीच राहते आणि शॅडो कॉपीचा प्रश्नच येत नाही. त्याआधी शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, म्हणजे विंडोज पूर्ण बंद होते. नाहीतर हे प्रोग्राम डिस्क अर्धवट उघडी असल्याची तक्रार करतात. कुठून कुठे लिहायचं हे विचारलं की दोन्ही डिस्कची नावं आणि आकार मोठ्याने वाचून खात्री करा. इथे उलट निवड झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते. त्या पडद्यावर जरा जरी शंका आली तर पुढे जाऊ नका.

माझं मत विचाराल तर बजेट असेल तेव्हा यापेक्षा सोपा मार्ग आहे. नवी एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) घ्या, विंडोज ११ तिच्यावर टाका, आणि जुनी हार्डडिस्क न पुसता काढून, नाव-तारीख लिहून कपाटात ठेवा. जुनी विंडोज जशीच्या तशी शाबूत राहते. महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत तरीही हवीच, कारण जुनी डिस्क कधीही दगा देऊ शकते. वेगही वाढतो हा वरचा फायदा.

डॉसच्या काळातला एखादा प्रोग्राम अजून वापरात असेल, जुन्या पतसंस्थांमध्ये आणि दुकानांमध्ये असे आहेत, तर १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर चालत नाहीत हे ध्यानात घ्या. मायक्रोसॉफ्टच्याच डिस्क२व्हीएचडी या मोफत साधनाने चालू विंडोजची आभासी डिस्क बनवता येते आणि ती नव्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे पीसीच्या आतल्या आभासी पीसीत, चालवून बघता येते. डोंगल किंवा वेगळं कार्ड लागणारे प्रोग्राम मात्र त्यात चालतीलच असं नाही.

९. बॅकअप उघडून बघणं

डिस्क दुसऱ्या पीसीला लावा. एक जुना फोटो, एक नवा फोटो, एक मोठा व्हिडिओ, टॅलीची कंपनी, एक मराठी पत्र, एवढं उघडा. नुसती फोल्डरची नावं दिसण्यावर समाधान मानू नका. विंडोजची इमेज असेल तर तिचा विंडोजइमेजबॅकअप हा फोल्डर डिस्कच्या पहिल्याच पातळीवर, त्याच नावाने हवा. कुणी तो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला किंवा त्याचं नाव बदललं की परत टाकताना सापडत नाही. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करा, रिपेअरमध्ये जाऊन इमेज यादीत दिसते एवढं पाहा आणि तिथूनच परत फिरा. हे होईपर्यंत अपग्रेडचं बटण दाबू नका.

कधी थांबायचं

हार्डडिस्कमधून टक-टक किंवा घासल्यासारखा आवाज येतोय, डिस्क कधी दिसते कधी नाही, ती पडली होती किंवा तिच्यात पाणी गेलं होतं, बॅडचा शेरा आहे, किंवा सी५ चा आकडा बघता बघता वाढतोय: यातलं काहीही असेल तर पीसी बंद करा. 'अजून एकदा बघू' नको. डिस्क घरी उघडायची नाही, फ्रीजमध्ये ठेवायची नाही, ठोकायची नाही. डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्याकडेच द्या. साध्या फॉरमॅटच्या दुकानात देऊ नका, तिथे सवयीने पहिलं काम विंडोज टाकण्याचं होतं. वसूल होणाऱ्या डेटाचं अंदाजपत्रक आधी मागा आणि मूळ डिस्क परत देणार का हे विचारून घ्या.

अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी (संगणकाच्या हुकुमाने चालणाऱ्या) मशीनला जोडलेला जुन्या विंडोज एक्सपीचा पीसी असेल तर घरगुती उपाय करूच नका. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला असला तरी त्या मशीनचं कार्ड, सिरीयल पोर्ट आणि डोंगल त्याच विंडोजवर चालतात. तो अपग्रेड करायचा नसतो. इंटरनेटपासून तोडून ठेवायचा आणि मशीनच्या कंपनीच्या इंजिनिअरकडून त्याच्या डिस्कची प्रत काढून घ्यायची.

बायोसमधली सेटिंग बदलल्यावर पीसी सुरू होत नसेल तर डेटा गेला असं समजू नका. सेटिंग होती तशी करा, बहुतेक वेळा जुनी विंडोज परत येते. नाही आली तर विंडोज नव्याने टाकायला होकार देऊ नका आणि जाणकाराला बोलवा. पीसी देताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहा: कोणते फोल्डर हवेत, शेवटी कोणता संदेश आला होता, आणि 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये'. ती चिठ्ठी कॅबिनेटवरच चिकटवा.